रात्रीची वाट आणि सायकलस्वारांचा तांडा

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, पापनाशम हे तालुक्याचे गाव आहे. ते तंजावरपासून सुमारे २५ आणि कुंभकोणमपासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर वसलेले आहे. तिरुनेलवेलीकडे ताम्रपर्णीच्या काठी धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेले पापनाशम ते हे नव्हे. कर्नाटक संगीताच्या श्रोत्यांना पापनाशम शिवन् (१८९०–१९७३) या रचनाकाराच्या नावातून हे गाव परिचित असते. भाविकांना ते एकाच आवारात असलेल्या १०८ शिवलिंगांमुळे ठाऊक असते. या गावाजवळून जाणारा रस्ता जवळजवळ सपाट आहे. तंजावर ते कुंभकोणम या सुमारे ४० किलोमीटरांत जमिनीचा उतार तीसएक मीटरांचाच, म्हणजे पायाला न जाणवण्याइतका. भाताची शेते, नारळी-केळीच्या बागा, कालवे आणि एकमेकांना लागून असलेली खेडी यांमधून तो जातो. सायकलस्वाराला याहून सोयीचा प्रदेश शोधून सापडणार नाही असे नकाशा पाहणाऱ्यास वाटेल. दिवसा मे महिन्यातील ३७-३८ अंशांचे ऊन आणि हवेतील दमटपणा यांमुळे मात्र हे सुख पारखे होते. म्हणून ज्याला या वाटेने आनंदासाठी सायकल चालवावयाची आहे तो स्वाभाविकपणे रात्रीकडे वळतो, आणि एकट्याने रात्री निघण्यापेक्षा चार सोबती गोळा करतो.

रात्र आणि सोबत या दोन गोष्टी एकत्र आल्या की सायकल चालविण्याचे साधे कर्म बदलून जाते. दिवसा एकट्याने उत्तम सायकल चालविणारा मनुष्य रात्री समूहात धोकादायक ठरू शकतो, याचे कारण त्याच्या कौशल्यात नसून त्याच्या सवयीत असते. हा बदल नेमका कोणता, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

प्रथम रात्रीचाच विचार करू. सर्व रात्री सारख्या नसतात, आणि पापनाशमचा परिसर याचे फार चांगले उदाहरण पुरवितो. या भागात वर्षातून दोन मोठ्या रात्री जागविल्या जातात. एक महाशिवरात्रीची, त्या रात्री १०८ शिवलिंगांच्या दर्शनासाठी पापनाशमला गर्दी लोटते. दुसरी नृसिंह जयंतीची. त्या सुमारास याच तालुक्यातील मेलट्टूर या गावी ‘भागवत मेळा’ या नृत्यनाट्यपरंपरेतील प्रयोग होतात. तंजावरच्या नायक व पुढे मराठा राजांच्या आश्रयाने वाढलेल्या या परंपरेतील नाटके तेलुगू भाषेत आहेत, त्यांतील सर्व भूमिका पुरुषच करीत आले आहेत, आणि रात्री सुरू झालेले ‘प्रह्लादचरित्र’ पहाटेपर्यंत चालत असे. या दोन्ही तिथी चतुर्दशीच्याच. परंतु शिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, म्हणजे चंद्र उगवतो तो सूर्योदयाच्या थोडा आधी. सबंध रात्र अंधारी. नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीची, म्हणजे चंद्र सूर्यास्तापूर्वीच वर आलेला आणि पहाटेपर्यंत आकाशात. जवळच्या तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना होते ती पौष वद्य पंचमीस. त्या दिवशी चंद्रोदय रात्री दहाच्या आगेमागे. आपल्याकडे कोजागरीच्या रात्री सायकली घेऊन बाहेर पडणाऱ्यांना चांदण्याची जी सोबत मिळते, ती शिवरात्रीच्या यात्रेकरूस मिळत नाही. पंचांग पाहून प्रवास ठरविणे ही केवळ श्रद्धेची बाब नाही, असे येथे म्हणावयास हरकत नाही.

तथापि चांदण्यावर किती विसंबावे यालाही मर्यादा आहे. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश रस्त्याची रेषा दाखवितो, खड्डा दाखवीत नाही. झाडांच्या सावल्यांत तर तो दिशाभूलच करतो; डांबरावर पडलेली फांदीची सावली आणि डांबरात पडलेली खरी भेग यांत फरक उरत नाही. शिवाय समोरून येणाऱ्या मोटारचालकाला चांदण्याचा काही उपयोग नसतो. त्याचा डोळा स्वतःच्या दिव्यांच्या उजेडाशी जुळलेला असतो आणि त्या उजेडाबाहेरचे सर्व जग त्याच्या दृष्टीने काळेच असते.

डोळ्याच्या या स्वभावाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. उजेडातून अंधारात आल्यावर नेत्रपटलावरील दोन प्रकारच्या पेशींपैकी रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे १० मिनिटांत अंधाराशी जुळतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना मात्र पूर्ण जुळण्यास अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. एखाद्या बसचे प्रखर दिवे दोन क्षण डोळ्यांवर आले की ही सारी कमाई नाहीशी होते आणि पुढील काही सेकंद सायकलस्वार जवळजवळ आंधळा असतो. अशा वेळी समोरच्या दिव्यांकडे न पाहता नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी व पायटे मारणे थांबवून सायकल नुसती सोडून द्यावी, असे अनुभवी लोक करतात. चहाच्या दुकानाच्या लख्ख नळीदिव्याखाली बसून उठल्यावर लगेच वेगाने निघू नये, याचेही कारण हेच. या अक्षांशावर संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटे टिकतो. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला तेथील रात्र एकदम अंगावर आल्यासारखी वाटते.

आता वेगाचा प्रश्न. समूहाने किती वेगाने जावे, याचे उत्तर पायांच्या बळावर नसून पुढच्या बत्तीवर अवलंबून आहे. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात ५ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून बोटे ब्रेकवर आवळली जाईपर्यंत रात्रीच्या वेळी दीड सेकंद धरावा. म्हणजे साडेसात मीटर गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर सायकल थांबण्यास आणखी सुमारे चार मीटर लागतात. एकूण अंतर १२ मीटरांच्या घरात जाते. हाच वेग ताशी २५ किलोमीटर केला तर थांबण्यास १८ मीटरांहून अधिक अंतर लागते. बत्तीचा उपयुक्त झोत जर १५ मीटर पडत असेल, तर पहिल्या स्वाराला दिसलेल्या दगडापूर्वी थांबता येते, दुसऱ्याला येत नाही. वेग दीडपटही वाढलेला नसतो. पावसाने धाव ओली असेल तर हे गणित फारच बिघडते. विशेषतः जुन्या धर्तीच्या, लोखंडी धावा व दांड्यांचे ब्रेक असलेल्या सायकली ओल्या धावेवर धरता धरत नाहीत.

बत्तीविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. एके काळी पुण्यासारख्या शहरात बत्तीशिवाय सायकल चालविणाऱ्यास पोलीस अडवीत, आणि त्या धाकाने का होईना, घासलेटच्या दिव्यापासून डायनामोपर्यंतच्या सर्व बत्त्या लोकांच्या परिचयाच्या होत्या. टायरवर घासून फिरणाऱ्या डायनामोचा दोष असा की वेग मंदावला की उजेड मंदावतो आणि सायकल उभी राहिली की बत्ती विझते. धोका सर्वांत अधिक असतो नेमका त्याच वेळी. आजच्या बॅटरीवरील बत्त्यांत हा दोष नाही, पण त्यांनी नवाच उपद्रव निर्माण केला आहे. त्या इतक्या प्रखर असतात की मागच्याच्या हँडलावरील झोत पुढच्याच्या पाठीवर पडून पुढच्याची स्वतःची सावली त्याच्याच समोर रस्त्यावर पसरते, आणि त्या सावलीत खड्डा लपतो. यावर उपाय सोपा आहे. बत्ती खाली झुकवून तिच्या झोताचा मध्य सुमारे दहा मीटरांवर पाडावा आणि मधल्यांनी ती मंद ठेवावी. मागील तांबड्या दिव्यांबाबतही असेच. उघडझाप करणारा दिवा मागून येणाऱ्या सोबत्याच्या डोळ्यांना शीण आणतो आणि अंतराचा अंदाज चुकवितो. म्हणून मधल्यांचे तांबडे दिवे स्थिर व सौम्य असावेत, आणि सर्वांत तेजस्वी दिवा शेवटच्या स्वाराचा असावा.

स्वतःला दिसणे ही अर्धीच गोष्ट झाली. दुसऱ्याला आपण दिसणे ही उरलेली अर्धी. गडद कपड्यांतील सायकलस्वार मोटारीच्या खाली झुकविलेल्या दिव्यांत फार जवळ आल्यावरच दिसतो, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर कापीत असते. प्रकाश परतविणारी पट्टी मात्र त्याच्या कितीतरी पट अंतरावरून चमकते. ही पट्टी कोठे लावावी याचे उत्तर एका वेगळ्याच शास्त्रातून मिळाले आहे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की पूर्ण अंधारात माणसाच्या केवळ सांध्यांवर लावलेले प्रकाशबिंदू हलताना दिसले तरी पाहणाऱ्यास तो चालता माणूस आहे हे क्षणार्धात कळते. बिंदू स्थिर असतील तर काहीच उमगत नाही. सायकलस्वाराच्या घोट्यांवर व पायट्यांवर लावलेली पट्टी वरखाली होत राहते. पाठीवरची पट्टी मोटारचालकाला ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगते; घोट्यावरची ‘माणूस आहे’ असे सांगते. दहा-वीस रुपयांत मिळणारी ही वस्तू महागड्या शिरस्त्राणाइतकीच मोलाची आहे. शिरस्त्राण घालू नये असा याचा अर्थ नव्हे.

यानंतर समूहाची रचना. समजा, आठ जण एकामागे एक चालले आहेत आणि प्रत्येक दोन सायकलींमध्ये पाच मीटर मोकळे अंतर आहे. सायकलीची स्वतःची लांबी दोन मीटरांच्या आत असते. म्हणजे पहिल्यापासून आठव्यापर्यंतची रांग सुमारे ५० मीटर लांब झाली. पहिल्याला खड्डा दिसला व त्याने ‘खड्डा, उजवीकडे’ अशी हाळी दिली. दिवसा हाताने केलेली खूण पुरते. रात्री हात दिसत नाही, आवाजच पाहिजे. प्रत्येकाने ती हाळी मागे पोचवावयास अर्धा सेकंद धरला तर ती आठव्याकडे साडेतीन सेकंदांत पोचते, आणि आठवा खड्ड्यापाशी येतो तो पहिल्यानंतर दहा सेकंदांनी. त्याला वेळ भरपूर मिळतो. अडचण दुसऱ्याची असते. तो पहिल्यानंतर सुमारे दीड सेकंदात त्याच जागी पोचतो, आणि दीड सेकंद तर प्रतिक्रियेलाच लागतो हे वर आलेच आहे. म्हणून रात्रीच्या समूहात सर्वांत अधिक सावध राहण्याची जागा पहिली नसून दुसरी होय. त्या जागेवर नवशिक्याला ‘पुढच्याच्या आडोशाला सुरक्षित राहील’ म्हणून ठेवण्याची जी प्रथा आहे ती चुकीची आहे. दुसऱ्या जागी जाणत्या स्वाराने असावे, त्याने इतरांपेक्षा दुप्पट अंतर राखावे आणि पहिल्याच्या चाकाच्या थेट मागे न राहता किंचित बाजूने चालावे.

रांग किती मोठी असावी, यालाही गणिताचा आधार आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी बस वर सांगितलेल्या आठ जणांच्या रांगेस ओलांडू लागली, तर पुढेमागे थोडी मोकळी जागा धरून तिला सुमारे सात सेकंद आणि ११५ मीटर रस्ता लागतो. तीच रांग सोळा जणांची असेल तर साडेअकरा सेकंद आणि १९० मीटरांहून अधिक. तेवढ्यात समोरून दुसरे वाहन आले की बसचालकापुढे एकच मार्ग उरतो. तो म्हणजे डावीकडे, रांगेवर येण्याचा. सोळा जण असतील तर आठ-आठांचे दोन गट करून त्यांमध्ये निदान शंभर मीटर अंतर ठेवावे, म्हणजे बसला मध्ये शिरावयास जागा मिळते. सोळा जण एकत्र गप्पा मारीत दोन-दोनांच्या जोड्यांनी जाण्यात जी मौज आहे ती नाकारण्याचे कारण नाही. ती मौज गावाबाहेरच्या आडवाटेवर करावी, या रस्त्यावर नव्हे.

वारीतील दिंडीचे चालणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना समूहाच्या चालीचे मर्म वेगळे सांगावयास नको. दिंडीची गती सर्वांत वेगाने चालणारा ठरवीत नाही. सायकलींच्या बाबतीत हे तत्त्व मान्य सर्वांनाच असते आणि पाळत जवळजवळ कोणीच नाही. त्याचे कारण दुष्टपणा नसून रांगेचा एक यांत्रिक स्वभाव आहे. पुढचा गतिरोधकाशी सावकाश होतो, ओलांडतो आणि लगेच आपला पूर्वीचा वेग धरतो. त्याच वेळी शेवटचे दोघे अजून गतिरोधकाच्या अलीकडे रेंगाळलेले असतात. ते पलीकडे येईपर्यंत पुढच्यांचे दिवे लांब गेलेले असतात, मग त्यांना रांग गाठण्यासाठी सर्वांपेक्षा अधिक वेगाने पायटे मारावे लागतात. पेटीच्या भात्यासारखी ही रांग ताणली व आवळली जाते आणि त्या ताणाचा सारा भार शेवटच्यांवर पडतो. बहुधा शेवटचे तेच असतात जे मुळात अशक्त किंवा नवखे आहेत. या रस्त्यावर खेडी एकमेकांना लागून आहेत. प्रत्येक खेड्याशी गतिरोधक येतो, कालव्यांवरचे अरुंद पूल येतात. असे वीस-पंचवीस प्रसंग झाले की मागचा थकलेला असतो आणि पुढच्याला आपण कोठे घाई केली हे कळतही नाही. याला तोड एकच. पुढच्याने अडथळा ओलांडल्यावर मागून ‘आले’ अशी हाळी येईपर्यंत मंद वेग सोडू नये.

मध्यम वेग कोणता? फ्रान्समध्ये उगम पावलेल्या आणि आता भारतातही रुजलेल्या लांब पल्ल्याच्या ‘ब्रेवे’ प्रवासांचे नियम येथे मार्गदर्शक ठरतात. त्यांत २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तास व ४०० किलोमीटरांसाठी २७ तास देतात. विश्रांती धरून ताशी सुमारे १५ किलोमीटर एवढीच ती गती होते. रात्री पुढे-मागे दिवे आणि अंगावर चमकणारे जाकीट सक्तीचे असते. हे सरावलेल्या लोकांचे प्रवास आहेत. हौसेने निघालेल्या, भिन्न वयाच्या समूहाने विश्रांती वगळून ताशी १४ ते १८ किलोमीटर गाठले तरी पुष्कळ झाले. वेग थोडा वाढविला तर श्रम थोडे वाढतात ही समजूत खरी नाही. हवेच्या अवरोधाविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १८ चा वेग २४ केला की ती सव्वादोन पटींहून अधिक होते. कमी वेग ज्याला सहज आहे त्याला हे जाणवत नाही. जो आधीच आपल्या मर्यादेपाशी आहे त्याचा मात्र श्वास तुटतो. म्हणून समूहाच्या वेगाची सोपी कसोटी अशी सांगतात की शेवटच्या स्वाराला न धापता पुरते वाक्य बोलता आले पाहिजे. प्रश्न शेवटच्यालाच विचारावा, आणि ‘ठीक आहे ना?’ असा विचारू नये, कारण त्याचे उत्तर संकोचाने नेहमी ‘हो’ असेच येते. त्याला काहीतरी सांगावयास लावावे आणि ऐकावे.

सपाट प्रदेशात चढ नसतो, पण वारा असतो. आषाढ-श्रावणाच्या सुमारास येणाऱ्या ‘आडी’ या तमिळ महिन्यात पश्चिमेकडून असा वारा सुटतो की त्यात पाटासुद्धा उडून जाईल, अशा अर्थाची म्हण तेथे आहे. रात्री तो बराचसा पडतो खरा, पण कुंभकोणमहून तंजावरकडे, म्हणजे पश्चिमेकडे परतताना त्याचा हिशेब धरावा लागतो. पाठीवरच्या वाऱ्याने पापनाशमपर्यंत उडत गेलेल्या समूहाला आपण किती दमलो हे परतीलाच कळते.

थांबे कोठे घ्यावेत, याबाबत तंजावरच्या मराठा राजांनी एक पाठ घालून ठेवला आहे. १८व्या शतकाच्या मध्यापासून पुढे सुमारे शंभर वर्षांत त्यांनी तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे अन्नसत्रासह धर्मशाळा, बांधली. दुसऱ्या सरफोजींनी ओरत्तनाडू येथे १८०२ मध्ये स्थापिलेले मुक्तांबाळ छत्र तंजावरपासून सुमारे २४ किलोमीटरांवर आहे. पायी यात्रेकरूची एका दिवसाची चाल. थकल्यावर थांबा शोधावयाचा नसतो, थांब्याच्या अंतरावरून चाल ठरवावयाची असते, हे त्या योजनेतील शहाणपण होते. सायकलस्वारांनी दर आठ-दहा किलोमीटरांवर, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने, पाचएक मिनिटे थांबावे. आणि शेवटचा पोचताच निघू नये, कारण मग ज्याला विश्रांती सर्वांत अधिक हवी त्यालाच ती मिळत नाही. रात्री तहान कमी जाणवते, पण या दमट हवेत घाम तेवढाच जातो. दर थांब्याला प्रत्येकाने पाणी प्यावेच, आणि पोटात एखादे केळे असावे.

थांब्यावरून निघताना मोजणी करावी. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि त्याने तो मोठ्याने उच्चारावा. तमिळ सोबती असतील तर ‘ओण्णु, रेंडु, मूणु’ अशी ही गणती मोठी गमतीची होते, आणि अंधारात चेहरे पाहून मोजण्यापेक्षा शतपटीने विश्वसनीय असते. कोणी रांग सोडून घरी वळणार असेल तर त्याने पिछाडीच्या माणसाला सांगितल्याशिवाय वळू नये; नाहीतर उरलेले सात जण मध्यरात्री अर्धा तास मागे जाऊन त्याला शोधीत बसतात. पिछाडीचा माणूस हा समूहातील सर्वांत बलवान व सर्वांत शांत स्वभावाचा असावा. पंप, ट्यूब आणि पाने त्याच्याजवळ असावेत. आघाडीवर असून त्यांचा उपयोग नाही, कारण पंक्चर झालेला नेहमी मागे राहतो.

या भागातील काही धोके मात्र कोणत्याही सर्वसामान्य पुस्तकात सापडणार नाहीत. सुगीच्या दिवसांत शेतकरी भात वाळविण्यासाठी डांबरी रस्त्याचाच उपयोग करतात. अर्धा रस्ता दाण्यांनी झाकलेला असतो आणि वाहनांनी तो तुडवू नये म्हणून कडेने दगड-विटा मांडलेल्या असतात. रात्री दाणे गोळा केले तरी दगड पुष्कळदा तसेच राहतात. दाण्यांच्या थरावर सायकलीचे चाक गोट्यांवर चढल्यासारखे सरकते. तेथे ब्रेक लावणे किंवा हँडल वळविणे म्हणजे पडणेच. सायकल सरळ ठेवून पायटे थांबवावेत. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण अवकाळी पावसाच्या भीतीने रात्र जागून भात राखणाऱ्या त्या माणसाची वर्षाची कमाई तेथे पसरलेली असते. ती चाकाखाली घालण्याचा अधिकार मौजेसाठी निघालेल्यास नाही.

दुसरा धोका पाण्याचा. मेट्टूर धरणाचे पाणी या प्रदेशासाठी प्रघाताने १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. पाऊसमानानुसार ही तारीख पुढेमागे होते. उन्हाळ्यात कोरडा असलेला, जणू एक खोल चर वाटणारा कालवा त्यानंतर काठोकाठ भरून वाहतो. आडवाटा पुष्कळदा कालव्याच्या बांधावरूनच जातात आणि तेथे कठडा नसतो. मे महिन्यात परिचित झालेली वाट ऑगस्टमध्ये त्याच विश्वासाने रात्री धरू नये. डांबराची कड हाही असाच फसवा भाग आहे. मोटारीच्या भीतीने चाक डांबरावरून खालच्या मातीत उतरले की ते पुन्हा तिरके वर चढविण्याचा प्रयत्न करू नये; चाक कडेला घासते आणि स्वार रस्त्याच्या मध्यावर, नेमका मोटारीपुढे, फेकला जातो. मातीतच सायकल थांबवावी, उतरावे आणि उचलून वर घ्यावी. ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे महिने. त्या दिवसांत रात्रीचा हौशी प्रवास न करणेच बरे.

एकत्र निघण्याचे मोल केवळ सोबतीत नसते, हे तंजावरच्या शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याने दाखविले आहे. तेथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या ‘अरिवोळी’ चळवळीने, शीलाराणी चुंकत या जिल्हाधिकारी असताना, ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविली आणि हजारो स्त्रिया पहिल्यांदाच बसची वा घरच्या पुरुषाची वाट न पाहता कामाला व वर्गाला जाऊ लागल्या. त्या एकेकट्या निघाल्या असत्या तर टवाळीला पुरून उरणे अवघड गेले असते. गटाने निघाल्यामुळे रस्ता त्यांचा झाला. ज्या समूहात स्त्रिया किंवा शाळकरी मुले आहेत त्याने ही गोष्ट रात्री विशेष ध्यानात ठेवावी. मागे पडलेल्या एकट्या व्यक्तीस ‘ये हळूहळू’ असे म्हणून पुढे जाणे हे समूहाने आपला करार मोडणे होय. चार जण थांबले तर दहा मिनिटे जातात, एवढेच.

अपघात किंवा बिघाड झाला तर पहिले काम सायकल दुरुस्त करण्याचे नसून सर्वांनी रस्ता सोडण्याचे असते. जखमीभोवती डांबरावरच कोंडाळे करून उभे राहिलेल्या समूहावर दुसरे वाहन येणे हा पहिल्याहून मोठा अपघात ठरतो. एकाने तांबडा दिवा घेऊन, रस्त्याच्या कडेबाहेर राहून, तीस-चाळीस पावले मागे जावे. एकाने जखमीजवळ थांबावे. एकाने रुग्णवाहिकेस दूरध्वनी करावा. तिचा क्रमांक तमिळनाडूत आणि महाराष्ट्रातही १०८ आहे. पापनाशमच्या शिवलिंगांची संख्याही तीच असल्याने या वाटेवर तो विसरण्याची भीती नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला ‘काही झाले नाही’ असे तो स्वतः म्हणत असला तरी पुन्हा सायकलीवर बसू देऊ नये.

पहाटेचे दोन ते पाच हे तास सर्वांत वाईट. त्या वेळी शरीराचे तापमान उतरलेले असते, आणि सायकलीवर झोप लागत नाही ही समजूत चुकीची आहे. बोलणे थांबते, रांगेतील अंतरे विनाकारण कमीजास्त होऊ लागतात, एकच चाक पुन्हा पुन्हा कडेकडे जाते. ही लक्षणे पिछाडीच्या माणसाला सर्वांत आधी दिसतात. अशा वेळी गाणी म्हणून किंवा पाणी मारून झोप उडविण्याचा उपाय पाच मिनिटे टिकतो. रेल्वे स्थानकाचा फलाट किंवा देवळाचा ओटा पाहून वीस मिनिटे डोळे मिटून पडणे हा खरा उपाय होय. मेलट्टूरचा खेळ रात्रभर पाहून पहाटे परतणाऱ्याने तर, कितीही ताजेतवाने वाटत असले तरी, उजाडल्याशिवाय हँडलाला हात लावू नये.

कुंभकोणम जवळ आले, दारासुरमच्या मंदिराचे शिखर उजाडत्या आकाशावर दिसू लागले आणि कॉफीच्या दुकानांच्या फळ्या निघू लागल्या की समूहाचा प्रवास संपला असे सर्वांना वाटते. येथे बत्त्यांच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात, पहिल्या बसगाड्या सुटू लागलेल्या असतात, त्यांचे चालकही नुकते उठलेले असतात, आणि आठ जणांची रांग मोडून प्रत्येक जण एकटा आपापल्या गल्लीकडे वळतो. रात्रभर रांगेत दुसऱ्याच्या हाळीवर विसंबून आल्यामुळे एकट्याने रस्ता पाहण्याची सवय तेवढ्यापुरती मोडलेली असते. म्हणून समूह पांगण्यापूर्वी शेवटची मोजणी दुकानाशी करावी, पूर्ण उजाडेपर्यंत तेथेच बसावे आणि घरी पोचल्यावर प्रत्येकाने पिछाडीच्या माणसाला कळवावे. आठवा निरोप येईपर्यंत त्याने झोपू नये.